आवाज गेला नाही, पण मी काउंटरवर बसतो

आवाज अजून येतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण बोलून बोलून आजार पळाला अशी गोष्ट कुणाला वाचायची असेल तर ती ही नाही. मला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या चालू आहेत आणि डॉक्टर सांगतील तोवर चालू राहतील. त्या गोळ्यांच्या जोडीला मी गेल्या वर्षी सीबीटीची छोटी मालिका पुरी केली. आपण काय विचार करतो, त्यापायी कसे वागतो, हे दोन्ही तपासायचं, असा तो बोलण्याचा उपचार. ओळखीत आणखी दोन-तीन घरांत हा आजार आहे. जगात साधारण 300 माणसांमागे एकाला असतो म्हणतात, तेव्हा नाशिकएवढ्या शहरात आम्ही हजारोंनी असणार. त्या घरांतून प्रश्न एकच येतो: तिथं नेमकं करतात काय? नुसत्या गप्पांचे पैसे घेतात का? तोंडी सांगताना दरवेळी काहीतरी सुटतं, म्हणून एकदा लिहून काढतोय.

मी अंबडला एमआयडीसीत क्वालिटीला होतो. गाड्यांचे पार्ट यायचे, मायक्रोमीटर लावायचा, गो-नोगो गेज घालून माप बसतं का बघायचं, लॉट पास किंवा रिजेक्ट. पाळ्या बदलत्या. एका दिवाळीच्या सुमारास झोप उडाली ती उडालीच. आधी वाटायला लागलं की खात्यातले लोक माझ्याबद्दल बोलतात. मग वाटलं, घरापर्यंत माणसं मागे लावलीयत. आणि मग एक दिवस डाव्या कानाशी एक माणूस बोलला. चाळिशीतला असावा, घसा बसलेला. ‘आला बघ हा,’ एवढंच. पुढे तो माझं धावतं समालोचनच करायला लागला. हा चहा घेतोय. ह्याचा हात थरथरतोय. ह्याचं सगळं सांगू का सगळ्यांना?

नोकरी गेली. आईनं त्र्यंबकला नारायण नागबळी करवून घेतला, तीन दिवसांचा विधी. सांगितलं तसं मी सगळं केलं. मग दादानं मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. गोळ्यांनी झोप आली, आवाज खालच्या पट्टीत गेला. वजनही वाढलं, सगळ्या पँटा बदलाव्या लागल्या. दोन गोष्टी मात्र हटेनात: तो समालोचक, आणि आपल्यावर पाळत आहे ही खात्री. दादाचं रविवार कारंजावर इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. मी तिथं माळ्यावर वायरची बंडलं लावत बसायचो, काउंटरवर यायचो नाही. दोन गिऱ्हाइकं आपसांत कुजबुजली की ती माझ्याबद्दलच, यात मला तिळमात्र शंका नसायची.

डॉक्टर म्हणाले, डोस आणखी वाढवला तर तुम्ही दिवसभर पेंगाल. त्यापेक्षा जोडीला सीबीटी करून बघा. त्यांनी एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमचं नाव दिलं आणि दादाला बजावलं की अशा कामासाठी माणूस आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे, नोंदलेला आहे की नाही ते बघत जा. हल्ली चार दिवसांचा कोर्स करूनही लोक ‘काउन्सेलर’ अशी पाटी लावतात, तेव्हा हे सांगणं मला फार मोलाचं वाटतं.

पहिल्या भेटीत मॅडमनी सरळ हिशोब मांडला. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे स्किझोफ्रेनियासाठी सीबीटीच्या किमान 16 बैठका हव्यात. छोट्या पद्धतीत सहा ते दहा, आणि चार महिन्यांच्या आत आटपायचं. मी विचारलं, म्हणजे अर्ध्या पैशांत अर्धा माल? त्या हसल्या. म्हणाल्या, 2002 साली ब्रिटनमध्ये 422 रुग्णांवरचा एक अभ्यास आला होता. डॉक्टरांनी नव्हे, खास तयार केलेल्या मनोविकार नर्सेसनी रुग्णांच्या सहा आणि घरच्यांच्या तीन बैठका घेतल्या, आणि लक्षणं, उदासी, आजाराची समज, तिन्हींत फरक दिसला. पाकिस्तानातही सहाच बैठका आणि एक घरच्यांसोबत, अशी तिथल्या लोकांना रुचेल अशी बेतून घेतलेली पद्धत वापरून बघितली गेलीय. ‘पण छोटी आणि लांब समोरासमोर ठेवून कोणती सरस, याची झाडाझडती झाली तेव्हा तसा एकही अभ्यास हाती लागला नाही. त्यामुळे ही लांबच्याइतकीच चालते असं मी तुम्हाला सांगणार नाही.’ या शेवटच्या वाक्यामुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला. तोवर मला जो तो शंभर टक्के गुण येईल असंच सांगत होता.

बैठका थोड्या, म्हणून प्रश्नही एकच निवडायचा. हेच मला या प्रकारातलं सगळ्यात कामाचं वाटलं. मी म्हणालो, आवाज बंद करा. मॅडम म्हणाल्या, ते यादीत ठेवू, पण आवाज बंद झाला तर तुम्ही काय कराल जे आज करत नाही? मी पटकन बोलून गेलो, ‘काउंटरवर बसेन.’ झालं, तेच ठरलं. संध्याकाळच्या गर्दीत काउंटरवर बसता येणं. बाकीचं सगळं त्या एका खुंटीला बांधायचं.

सुरुवातीच्या भेटी आजार नीट मांडण्यात गेल्या. कधी, कशानं, त्याआधी काय चाललं होतं. मॅडमचं म्हणणं, काही माणसांची घडणच मुळात नाजूक असते आणि त्यावर जागरण, ताण, नशा यांचा भार पडला की लक्षणं वर येतात. रात्रपाळ्या, हप्त्यांवर घेतलेली गाडी, बाबांचं जाणं, सगळं एका कागदावर ओळीनं लागलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की मी अचानक एका रात्रीत वेडा झालो नव्हतो. आवाजाबद्दल त्यांनी सांगितलं की तो ऐकू येत असताना मेंदूतले बोलण्याचे भाग कामाला लागलेले दिसतात. आपल्याच आतलं बोलणं, पण ते आपलं असल्याची खूण कुठंतरी गळालेली. मला हे तेव्हा पटलं नव्हतं. आजही साठ-सत्तर टक्के पटतं.

हे टक्के त्या पद्धतीतलेच. कुठल्याही गोष्टीवर मॅडम ‘हे खोटं आहे’ म्हणायच्या नाहीत. विचारायच्या, शंभरातले किती टक्के खात्री? पाळतीबद्दल मी म्हणालो, पंचाण्णव. त्या म्हणाल्या, ‘मग उरलेल्या पाचात काय आहे?’ इतक्या वर्षांत घरच्यांनी, मित्रांनी माझे पंचाण्णव काढून घ्यायचा प्रयत्न केला होता. पाचाबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

आता पाळतीची भानगड जरा सविस्तर सांगतो. कंपनीत माझा पंचिंगचा नंबर 47 होता. सिडकोतल्या घरून सिटीलिंकच्या बसनं दुकानात येताना मला खिडकीतून 47 आकडा असलेल्या गाड्या दिसायच्या. पुढे 47, मागे 47, मध्ये 47. माझ्या लेखी ती खूण होती: कंपनीची माणसं एकमेकांना कळवतायत की मी कुठं पोचलो. मॅडमनी विचारलं, तुम्ही क्वालिटीला होतात ना, मग हे तपासायचं कसं? मी म्हणालो, सॅम्पल घ्यावं लागेल. त्या म्हणाल्या, आतापर्यंत तुम्ही सॅम्पल कुठून घेतलंय? तिथं मी अडकलो. ज्या ढिगावर संशय आहे त्यातलेच पीस उचलायचे आणि त्यातलेही फक्त खराब तेवढे वहीत लिहायचे, असा इन्स्पेक्टर कामावर एक दिवस टिकणार नाही; आणि मी वर्षानुवर्षं तेच करत होतो. 47 दिसला की मोजायचो, न दिसलेल्या गाड्या मोजल्याच नव्हत्या.

मग रीतसर प्लॅन केला. आधी भाकीत लिहायचं: माझ्या रोजच्या रस्त्यावर शंभर गाड्यांमागे 47 वाल्या दहा तरी, आणि मी जाणार हे कुणालाच माहीत नसलेल्या ठिकाणी एखादीच. जागा ठरल्या रोजच्या रस्त्यातला मुंबई नाका आणि नाशिकरोड स्टेशनबाहेर. स्टेशनला जायचं मी दादालाही सांगितलं नाही, सकाळी उठलो आणि निघालो. चहाच्या टपरीशी उभा राहून पाच-पाचच्या रेघा ओढत होतो. नंबर सगळे एमएच 15, नाशिकचं पासिंग. समालोचक जोरात होता: ‘आला बघ, हिशोब करतोय.’ माझी पेन्सिल घामानं निसटत होती. टपरीवाल्यानं विचारलं, आरटीओचे काय? मी हो म्हणालो.

दोन्हीकडे शंभरामागे तीन-चारच निघाल्या, आणि स्टेशनवर किंचित जास्तच. मॅडमसमोर बसून आम्ही गणित केलं. चार आकडी नंबर, 47 कुठंही चालतो: पुढे 100, मध्ये 100, मागे 100, त्यातला 4747 दोनदा मोजला म्हणून एक वजा. दहा हजारांत 299. म्हणजे शंभरात जवळजवळ तीन. माझ्या रेघांशी जुळत होतं.

आता वाचणाऱ्याला वाटेल, संपली गोष्ट. छे. मी त्याच बैठकीत म्हणालो की त्यांनी स्टेशनवरही माणसं लावली असतील. हा आजार असाच आहे, त्याच्याकडे प्रत्येक कुलपाची किल्ली असते. मॅडम चिडल्या नाहीत. ‘लावली असतील. किती लागतील?’ म्हणून विचारलं. मग मी वहीत काढलं: तीन पाळ्या, प्रत्येक पाळीत निदान चार गाड्या, पेट्रोल, सुट्टीचा बदली माणूस, रात्रपाळीचा भत्ता. महिन्याचा आकडा बघून मलाच हसू आलं. ज्या कंपनीनं माझा शेवटचा ओव्हरटाइम द्यायला चार हेलपाटे मारायला लावले, ती माझ्यामागे एवढा खर्च करेल? खात्री त्या दिवशी पंचाण्णववरून साठवर आली. शून्यावर कधीच आली नाही. साठावर माणूस बसमध्ये बसू शकतो, एवढं मात्र कळलं.

नंतर वाचनात आलं की ही युक्ती जुनी आहे. सीबीटीचे जनक अ‍ॅरन बेक यांनी 1952 सालीच अशा एका रुग्णाबद्दल लिहिलं होतं, ज्याला सरकारी गुप्तहेर आपल्यावर पाळत ठेवतात असं वाटायचं, आणि त्यांनी त्याला संशयित माणसं एकेक करून तपासायला लावली. स्किझोफ्रेनियावरची पहिली गोळी, क्लोरप्रोमाझिन, वापरात आली तीही 1952 सालीच. गोळी आणि बोलणं एकाच वयाचे, तरी आपल्याकडे गोळी गावोगाव पोचली आणि बोलणं अजून रस्त्यातच आहे, याचा राग येतो.

काउंटरचं काम त्यामानानं सोपं गेलं, पण वेळ खाल्ला. मी माळ्यावरून खाली यायचो तेव्हा टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, कानात इअरफोन, पाठ भिंतीला. मॅडमनी दादाला मोबाइलवर तसा एक फोटो काढायला सांगितला. फोटो बघून म्हणाल्या, ‘गिऱ्हाईक म्हणून तुम्ही या माणसाकडे बघाल की नाही?’ बघणारच. म्हणजे बचावासाठी म्हणून जे करत होतो त्यानंच नजरा ओढल्या जात होत्या. मग आधी दुपारी तीनला, दुकान सुनं असताना, टोपी काढून अर्धा तास. हळूहळू चार, पाच, आणि शेवटी सातची गर्दी. प्रत्येक वेळी आधी भाकीत, नंतर खरं काय झालं ते. एकदा एक आजी खरंच हसल्या. समालोचक लगेच, ‘बघ, सांगितलं मी त्यांना.’ मी धीर करून विचारलं, काय झालं आजी? त्या म्हणाल्या, ‘अरे बाळा, मी अँगल होल्डर मागितला, तू कधीचा बॅटन होल्डर घेऊन उभायस.’ हे मी वहीत जसंच्या तसं उतरवलंय.

आवाजाचं काय करायचं, तर त्याच्याशी भांडायचं नाही आणि त्याचं ऐकायचंही नाही. काहींना गुणगुणण्यानं फरक पडतो, काहींना मोठ्यानं वाचण्यानं. आपलं तोंड कामात असलं की आवाज पातळ होतो. मला एकोणतीसचा पाढा लागू पडला. एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी. सोपा पाढा चालत नाही, तो म्हणता म्हणता मन मोकळं राहतं. बसमध्ये अगदीच असह्य झालं तर फोन कानाला लावतो आणि त्याला सरळ सांगतो, ‘आत्ता गिऱ्हाईक आहे, रात्री नऊला बोलू.’ शेजारच्याला वाटतं धंद्याचा फोन. नऊला मी खरंच पंधरा मिनिटं बसतो. बरेचदा साहेब येतच नाहीत. आणि मॅडमचा एक प्रश्न माझ्या कायमचा कामी आलाय: हा इतकी वर्षं ‘सांगू का, सांगू का’ करतोय, सांगितलं कुणाला?

मध्यंतरी लग्नसराईत दोन-तीन रात्री जागरण झालं आणि सगळं उसळलं. एक बैठक बुडाली, डॉक्टरांनी गोळी थोडी वाढवली, पंधरवड्यात गाडी रुळावर आली. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

घरच्यांची बैठक मात्र लिहिण्यासारखी आहे. आई, दादा, वहिनी तिघं आले. वहिनीचं म्हणणं, ‘भाऊजींना कितीदा सांगितलं, कुणी नाही तिथं, मनाचे खेळ आहेत.’ मॅडम म्हणाल्या, वाद घालू नका आणि होला होही करू नका. ‘भीती वाटतेय का’ एवढं विचारा आणि कामाकडे वळवा. घरात सतत टीका नाहीतर सतत काळजीचा ससेमिरा असेल तिथं आजार पुन्हा उसळण्याचं प्रमाण जास्त दिसतं, हेही सांगितलं. दादा मला ऊठसूट ‘आळशी झालायस’ म्हणायचा. तो सुस्तपणाही आजाराचाच भाग असतो हे कळल्यावर त्यानं ते निदान माझ्यासमोर म्हणणं सोडलंय. खरं सांगायचं तर त्या सुस्तपणाला या छोट्या मालिकेनं फारसा हात लावला नाही. सकाळ अजून जड जाते.

आईनं विचारलं, ‘मग त्र्यंबकचं काहीच उपयोगाचं नव्हतं का?’ मी मान खाली घातली. मॅडम म्हणाल्या, ‘तुम्ही मुलासाठी केलंत, त्यानं तुम्हाला धीर आला. गोळ्या बंद होत नाहीत तोवर माझी काही हरकत नाही.’ आई जरा सैलावली. मग मॅडमनी सांगितलं की साध्या माणसांनाही आवाज येतात, जागरणानं येतात, जवळचं माणूस गेल्यावर येतात. त्यावर आई म्हणाली, ‘ह्यांच्या लुनाचा आवाज मला कितीतरी दिवस यायचा. फाटकाशी थांबल्याचा. दोनदा तर उठून कडी काढली मी.’ आम्हा भावांना हे माहीतच नव्हतं. त्या दिवसानंतर आई माझ्या आवाजाबद्दल बोलताना आवाज खाली करत नाही.

शेवटच्या भेटींत धोक्याच्या खुणांचा कागद केला. माझ्या मते झोप कमी होणं ही पहिली खूण. वहिनीनं त्याच्याही आधीची दाखवली: मी माझी ताटली स्वतःच धुऊन घ्यायला लागतो, कुणी त्यात काही घालेल म्हणून. तिला हे कधीचं दिसत होतं, विचारलं कुणी नव्हतं. कागदावर खुणा, त्यासमोर काय करायचं, डॉक्टरांचा नंबर, आणि अडीनडीला 14416, टेलिमानसचा. सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीअपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. खाजगी परवडत नसेल त्यांनी आधी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे, पुढे कधी निर्णय घ्यायची शुद्ध राहिली नाही तर कोणता उपचार हवा, कोणता नको, आणि आपल्या वतीनं कोणी बोलायचं, हे आधीच लिहून ठेवता येतं. मी दादाचं नाव घातलंय. तो म्हणाला, वहिनीचं घाल, तिला जास्त कळतं. आता नाव बदलायचं आहे.

एक सावधगिरी सांगतो. जो माणूस आत्ता पुरता उसळलेला आहे, झोप नाही, जेवण नाही, त्याला ओढत सीबीटीला नेऊ नये. आधी डॉक्टर, आधी गोळ्या. माझ्याकडे वहीत लिहिण्याइतकं भान परत आलं होतं म्हणून हे जमलं. आणि जमलं म्हणजे एवढंच, की काउंटरवर बसतो. पाळतीची खात्री चाळीसच्या आसपास असते, वाईट दिवशी सत्तर.

मालिका संपली तरी तीन महिन्यांनी एक उजळणीची भेट असते. मागच्या भेटीत विषय निघाला तो सिंहस्थाचा. 2015च्या कुंभात मी धडधाकट होतो, मित्रांबरोबर रात्रभर गंगेवर, म्हणजे गोदेकाठी, फिरलो होतो. आता 2027ला रविवार कारंजाला मुंगी शिरायला जागा नसणार, भोंगे, पोलिसांच्या शिट्ट्या, बाहेरगावच्या गाड्या, 47चा तर सुकाळ. मॅडम म्हणाल्या, आत्ताच लिहून काढू. कागदावर आलं: पर्वणीच्या आदल्या रात्री झोप सोडायची नाही, त्या दिवशी सिडकोतच थांबायचं, इतर दिवशी सकाळचीच पाळी, पाढा, फोन. दादा म्हणतो, पर्वणीला दुकान बंदच ठेवू, होल्डर कोण घेणार? मी म्हटलं, बंद कशाला, वहिनीला बसव आणि चार्जर, पॉवर बँका भरून ठेव, वर्षभराचा धंदा चार दिवसांत होईल. मालाची यादी मी करायला घेतलीय.